टाकणे म्हणजे त्याग नव्हे

गेल्या श्रावणातील गोष्ट. कोकणपट्टीतील एका गावी अखंड हरिनाम सप्ताह चालू होता. चौथ्या दिवसाची कीर्तनसेवा आमच्याकडे होती व विषय होता भूतदया. नामदेवरायांच्या हातची भाकरी कुत्र्याने पळविली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ती कथा आम्ही सांगितली. नाथमहाराजांनी कावडीतील गंगोदक तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, तीही सांगितली. मंडळींनी माना डोलावल्या, आयाबायांनी डोळ्यांस पदर लावले. आरती झाली, प्रसाद झाला, आणि आम्ही ओसरीवर टेकलो.

तेव्हा गावचे शाळामास्तर जवळ आले. त्यांनी आपल्या फोनमधील एक चित्र पुढे केले. खडकावर पक्ष्याचे घरटे होते. त्यात निळे, हिरवे, नारिंगी असे रंगीबेरंगी धागे विणलेले दिसत होते. शेजारच्या एक बाई डोकावून म्हणाल्या, "अगंबाई, तोरणच बांधलंय की!" मागे एक म्हाताऱ्या आजी उभ्या होत्या. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेले आणि विचारले, "पिल्लू निजलंय का रे मास्तर?"

मास्तर म्हणाले, "निजलेलं नाही आजी. त्याचा पाय बघा."

पायाला निळ्या दोरीचा वेढा होता. दोरी मांसात रुतली होती. तिचे दुसरे टोक घरट्यात विणले गेले होते. म्हणजे ज्या घरात ते जन्मले, त्या घरानेच त्यास बांधून ठेवले होते. आजी एक शब्द न बोलता बाजूस झाल्या. मास्तर आमच्याकडे वळले. "महाराज, आत्ताच आपण भूतदया सांगितलीत. मग एवढं सांगा, हे पिल्लू मारलं कुणी?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. "उद्या सांगतो" म्हणून आम्ही वेळ मारून नेली. दुसरे दिवशीही सांगता आले नाही. पुढे आम्ही मास्तरांकडून त्या पक्ष्याची सारी हकीकत समजून घेतली, मनाशी पुष्कळ घोळविली, आणि आज ते राहिलेले उत्तर वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे चित्र आपल्या देशातील नाही. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स म्हणून प्रांत आहे. त्याच्या किनाऱ्यापासून काही मैल आत समुद्रात ग्रासहोम नावाचे लहानसे खडकाळ बेट आहे; उणेपुरे तेवीस एकरांचे. माणसाची वस्ती तेथे नाही. १९४७ पासून ते तिकडील पक्षिरक्षक संस्थेच्या मालकीचे आहे. तेथे गॅनेट नावाचे समुद्रपक्षी हजारोंनी घरटी करतात. पक्षी मोठा देखणा. अंग पांढरेशुभ्र, डोक्यावर हळदीचा हात फिरविल्यासारखी पिवळी छटा, पंखांची टोके काळी. पंख पसरले म्हणजे सहा फूट भरतात. मासा दिसला की उंच आकाशातून पंख मिटून बाणासारखा पाण्यात घुसतो.

ह्या पक्ष्याचा प्रपंच ऐकण्यासारखा आहे. नरमादीची जोडी वर्षानुवर्षे त्याच घरट्याकडे परत येते. नर समुद्रावरून शेवाळ, गवत, पिसे असे साहित्य चोचीत धरून आणतो. शेजाऱ्याचे लक्ष नसले तर त्याच्या घरट्यातील काडी उचलण्यासही तो मागेपुढे पाहत नाही. प्रपंच म्हटला की एवढे आलेच! वर्षाकाठी अंडे एकच. पुष्कळ पक्षी अंड्यावर पोट टेकून बसतात. हा आपले पडद्याचे दोन्ही पाय अंड्याभोवती लपेटून त्यास ऊब देतो. आईबाप पाळीपाळीने बसतात, पाळीपाळीने मासे आणतात. पिल्लू सुमारे तीन महिने घरट्यात वाढते, आणि एके दिवशी कड्यावरून समुद्रात उडी टाकून आपल्या वाटेने निघून जाते. एक अंडे, एक पिल्लू, आणि वर्षाचे सारे कष्ट त्या एकासाठी.

अशा घरट्यात दोरी आली कोठून? समुद्रावर तरंगणारे हिरवे-तपकिरी शेवाळ आणि तुटक्या जाळ्याचा वा दोरखंडाचा गुंता, यांत त्या पक्ष्याने भेद कसा करावा? दोन्ही लांब, दोन्ही लवचीक, दोन्ही लाटांवर डोलणारे. तो दोरी उचलतो आणि घर बांधतो. अभ्यासकांनी ग्रासहोमची घरटी तपासली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाप्रमाणे सरासरीने एकेका घरट्यात जवळजवळ ४७० ग्रॅम प्लॅस्टिक निघाले. म्हणजे अर्धा किलोस थोडे कमी! सगळ्या बेटाचा हिशेब त्यांनी सुमारे साडेअठरा टन मांडला. त्यात सर्वांत अधिक भरणा कृत्रिम धाग्याच्या दोरखंडाचा. आठ वर्षांच्या निरीक्षणात त्यांना ५२५ पक्षी अशा दोऱ्यांत अडकलेले आढळले. त्यांतील बहुतेक पिल्ले होती.

पूर्वी असे होत नव्हते काय? दोर तर माणूस फार प्राचीन काळापासून वळतो आहे. पण तो ताग, अंबाडी, काथ्या यांचा. आपल्या कोकणात नारळाच्या सोडणाचा काथ्या होतो. तो पाण्यात पडला तर काही काळाने कुजतो, मातीस मिळतो. मातीतून आले ते मातीत गेले. विसाव्या शतकात नायलॉन आले, त्यामागून आणखी तऱ्हेतऱ्हेचे धागे आले. ते हलके, चिवट आणि न कुजणारे. दर्यावर्दी मंडळींस ती मोठी सोय झाली, ह्यात संशय नाही. पण ज्या गुणामुळे ते धागे कामाचे ठरले, तोच गुण टाकून दिल्यावर विष झाला. ऊन लागून त्यांचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, पण ते लवकर नाहीसे होत नाहीत.

घरट्यापुरतीच ही गोष्ट थांबत नाही. पॅसिफिक महासागरात, हवाई बेटांच्या रांगेत, लेसन आल्बाट्रॉस नावाचे पक्षी आहेत. त्यांचे आईबाप शेकडो मैल दूर जाऊन समुद्राच्या पृष्ठावरून अन्न वेचतात आणि परत येऊन पिल्लाच्या चोचीत ओततात. तरंगणाऱ्या वस्तूंना उडत्या माशांची अंडी चिकटलेली असतात, तीही हे पक्षी खातात. पूर्वी ती वस्तू म्हणजे लाकूड, काटकी, पीस. आता ते बाटलीचे झाकण असते. १९६६ साली तिकडील एका बेटावर मेलेल्या शंभर पिल्लांची पोटे तपासली, तेव्हा चौऱ्याहत्तरांत प्लॅस्टिक सापडले. वाचकहो, साल पुन्हा एकदा पहा. ह्या गोष्टीस साठ वर्षे होत आली. म्हणजे सूचना केव्हाच मिळाली होती. कान आमचेच बंद होते.

२०१६ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. समुद्रात काही काळ राहिलेल्या प्लॅस्टिकवर सूक्ष्म शेवाळ चढते आणि त्यास एक वास येऊ लागतो. वासावरून अन्न शोधणारे जे समुद्रपक्षी आहेत, त्यांस तोच वास अन्नाची खूण म्हणून ठाऊक असतो. आम्ही वेदान्तात दोरीवर सर्पाचा भास सांगतो. येथे दोरी शेवाळ होऊन दिसते, झाकण अन्न होऊन वास देते. दोरी सर्प भासली तर माणूस भिऊन दूर पळतो आणि वाचतो. ह्या उलट्या भासात मात्र जीव मायेने जवळ जातो आणि मरतो. ती माया परमेश्वराची नाही, आमच्या हातची आहे.

येथे काही शंका उठतील. त्या आम्हांस प्रत्यक्ष विचारल्या गेल्या आहेत, म्हणून क्रमाने पाहू.

पहिली शंका अशी की, हजारो पक्ष्यांच्या बेटावर वर्षाला साठ-सत्तर अडकले, तर एवढे काय बिघडले? खरे आहे. त्याच अभ्यासकांनी असेही म्हटले आहे की, ह्या मृत्यूंमुळे तेथील एकूण संख्या घटेल असे दिसत नाही. २००९ च्या गणनेत ग्रासहोमवर सुमारे एकोणचाळीस हजार जोड्या होत्या. पुढे २०२२ साली पक्ष्यांच्या तापाची साथ आली आणि त्यानंतरच्या गणनेत ही वस्ती निम्म्याहून खाली गेल्याचे दिसले. तो घाला रोगाचा, दोरीचा नव्हे. खोटी भीती घालून धर्म सांगू नये. म्हणून हेही सांगितले. परंतु आमचा प्रश्न बेरजेचा नाही. हिशेबनीसास एकोणचाळीस हजारांतले एक पिल्लू म्हणजे काहीच नाही. जिने पाय लपेटून ते एकच अंडे उबविले, तिला विचारा! तिच्या लेखी सारी सृष्टीच तेवढी होती. आम्ही ज्ञानोबारायांना माउली म्हणतो ते काय गणना करून? आईचे गणित एकापाशी सुरू होते आणि एकापाशीच संपते. भूतदयेचेही तेच आहे.

दुसरी शंका: पक्ष्याचे प्रारब्ध असे असेल, त्यास आपण काय करणार? बाबांनो, प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखास धीर देण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखास पाठ दाखविण्यासाठी नाही. पिल्लाने भोगले ते त्याचे प्रारब्ध असेलही. पण फास टाकणाराचे ते क्रियमाण आहे आणि त्याचा हिशेब टाकणाराच्याच खाती पडतो. नकळत टाकला म्हणाल, तर आजपर्यंत नकळत होता. हा लेख येथवर वाचल्यावर तो नकळत राहिला नाही.

तिसरी शंका सर्वांत सोयीची. "महाराज, ते वेल्स कुठं, आपण कुठं? आपण माळकरी, मासे खात नाही, जाळी टाकीत नाही. आपला काय संबंध?" ग्रासहोमच्या घरट्यातील दोरी पंढरपुरातून गेली असे आम्ही म्हणत नाही. ती तिकडच्या समुद्रावरील मासेमारीची. पण जरा आपल्या नद्यांची वाट धरून चला. आळंदीची इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते. सोपानकाकांच्या सासवडची कऱ्हा नीरेस मिळते, आणि नीरा नरसिंहपुरास भीमेत येते. तीच भीमा पंढरपुरी चंद्राकार वळली म्हणून चंद्रभागा. पुढे ती कर्नाटकात कृष्णेस मिळते आणि कृष्णा आंध्रात पूर्वसमुद्रास जाते. वाटेत धरणे आहेत. काही तेथे अडेल, काही काठच्या झुडपांवर लटकेल. पण जे पुढे जाईल त्यास थांबण्याचे ठिकाण एकच, समुद्र. आमच्या संतांच्या नद्या जशा एकमेकींस भेटत भेटत सागरास जातात, तसा आमचा कचराही वारी करीत तेथेच जातो.

आता आम्हांस एक गोष्ट कबूल करावयाची आहे. सप्ताहात मास्तरांना उत्तर देता आले नाही, त्याचे खरे कारण ती आहे.

त्याच वर्षीच्या आषाढी वारीत आमच्या दिंडीचा एक मुक्काम एका शेतकऱ्याच्या रानात होता. रात्री पाऊस झाला. पहाटे निघण्याची घाई. राहुट्यांच्या नायलॉनच्या दोऱ्या भिजून गाठी इतक्या आवळल्या की सुटेनात. पोरे म्हणाली, "महाराज, कापू का?" आम्ही म्हणालो, "कापा, उशीर होतोय." विळ्याने दोऱ्या कापल्या, मेखा उपटल्या आणि तुकडे तेथेच चिखलात राहिले. सकाळी वाटलेल्या चहाचे पेलेही तेथेच राहिले. आम्ही टाळ वाजवीत, नाम घेत पुढे गेलो. मागे वळून पाहिले नाही. वारकऱ्याने मागे पाहू नये, असे काहीतरी समाधानही मनाशी करून घेतले असेल.

परतवारीत त्याच रानाशी थांबलो. घरची बाई बाहेर आली. अंगणात एक करडू तीन पायांवर उड्या मारीत होते. चौथा पाय गुडघ्याखाली नव्हता. आम्ही सहज विचारले, "माउली, याला काय झालं?" ती म्हणाली, "दोरीत पाय गुतला व्हता. रात्रभर वढत ऱ्हायलं. सकाळी बघितलं तवर पाय काळा पडल्याला." दोरी कोणती, हे तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. कुंपणाच्या काटीवर निळ्या दोरीचा तुकडा गुंडाळून ठेवलेला दिसत होता. तिने ताकाचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "घ्या माउली, उन्हाचं आलायसा." ते ताक घशाखाली उतरता उतरेना.

म्हणून मास्तरांनी "मारलं कुणी" म्हणून विचारले, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे वेल्स नव्हता. ते करडू होते.

तेव्हापासून आम्ही एका शब्दाचा विचार करीत आहोत. तो शब्द म्हणजे त्याग. आम्ही कीर्तनात त्याग सांगतो आणि रानात टाकून येतो. दोन्हींत वस्तू हातातून सुटते, म्हणून दोन्ही सारखीच भासतात. पण टाकणे हा त्याग नव्हे. वस्तूचा उपभोग पुरता घेऊन, तिचे ओझे दुसऱ्याच्या दारात ठेवणे म्हणजे टाकणे. तिची गरज आधीच मनातून कमी करणे, आणि जी घेतली तिचा भार शेवटपर्यंत आपण वाहणे, हा त्याग. टाकणारा म्हणतो, "गेले एकदाचे." कोठे गेले? परमेश्वराच्या सृष्टीत 'बाहेर' अशी जागाच नाही. तो जर भरून उरला आहे, तर आमच्या अंगणातून उडविलेली पिशवीसुद्धा त्याच्याच अंगणात पडते. सर्वत्र विठ्ठल म्हणावयाचे आणि कचऱ्यापुरते 'तिकडे कुठेतरी' म्हणावयाचे, हे आमचे अद्वैत फार सोयीचे झाले.

तुकोबारायांची एक कथा आपण ऐकली आहे. महाराज जवळ जाताच पाखरे भुर्रकन उडाली. महाराजांस वाईट वाटले. आपणांत अजून काहीतरी परके उरले आहे, म्हणून ही पाखरे भितात, असे म्हणून ते तेथेच स्तब्ध उभे राहिले. पाखरे निर्भय होऊन अंगाखांद्यावर बसली, तेव्हाच त्यांच्या जीवास समाधान झाले. आज पहा, तो ग्रासहोमचा पक्षी आम्हांस भीत नाही. आमच्या हातची दोरी तो निःशंक होऊन उचलतो, आपल्या घरात विणतो, तिच्यावर आपले लेकरू निजवतो. तुकोबारायांनी तपश्चर्येने मिळविलेला विश्वास आम्हांस फुकट मिळाला, आणि त्या विश्वासाचा आम्ही फास केला.

मग करावयाचे काय? तिकडे पक्षिरक्षक संस्थेची माणसे दर वर्षी शरदात, बाकीची पिल्ले उडून गेल्यावर, त्या बेटावर जातात आणि अडकून राहिलेल्यांचे फास कापून त्यांस मोकळे करतात. त्या चिखलात, दुर्गंधीत, चोचींचे घाव सोसून ओणवे होणाऱ्यांच्या गळ्यात माळ नसेल. पण त्यांची सेवा पांडुरंगास पावत नाही असे कोण म्हणेल? राज्यकर्त्यांनीही काही नियम केले आहेत. जहाजांवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यास आंतरराष्ट्रीय कराराने १९८८ च्या अखेरीपासून बंदी आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदीचा हुकूम निघाला. जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकावयाचे प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे यांस देशभर मनाई झाली. पण हुकूम हातास अडवितो, मनास अडवीत नाही. मनास अडविण्यासाठी आपल्या संप्रदायात दुसरे साधन आहे. त्यास नेम म्हणतात.

माळ घातलेला मनुष्य एकादशीस अन्न समोर आले तरी खात नाही. त्यास शिपायाची भीती नसते. नेम मोडला तर आपण आपल्यालाच तोंड दाखवू शकत नाही, एवढेच असते. तसाच हा एक नेम जोडावा. वारीस निघताना प्रत्येकाने पडशीत आपला पेला व ताटली घ्यावी. पंगतीस पानाच्या पत्रावळी घ्याव्यात. दिंडीने राहुट्यांच्या दोऱ्या मोजून न्याव्या व मोजून परत आणाव्या. जशी विण्याची आणि टाळांची मोजदाद ठेवतो, तशीच ही. चंद्रभागेत हार, पिशवी, नैवेद्याचे वेष्टन सोडू नये. नदीस आपले पाप द्यावे, पिशवी देऊ नये. किनाऱ्यावरील आमच्या कोळी बांधवांस हात जोडून विनंती की, फाटके जाळे व तुटका दोर समुद्रात न सोडता होडीतून परत आणावा. समुद्र तुमचे दैवत आहे, हे तुम्हांस आम्ही काय सांगावे!

आमच्या दिंडीने हा नेम घेतला आहे. कार्तिकीस सत्तावीस दोऱ्या नेल्या आणि सव्वीस आणल्या. एक कोठे राहिली ते सापडले नाही. ती एक आम्हांस अजून झोपेत दिसते. पुढल्या वेळी सत्तावीसच्या सत्तावीस परत याव्यात, एवढे पांडुरंगापाशी मागणे आहे.

पसायदानात माउलींनी एकट्या माणसासाठी मागणे मागितलेले नाही. त्यात सर्व प्राणिजात आले. मग त्यात ते दूरच्या बेटावरील पिल्लूही आले, आणि ते तीन पायांचे करडूही आले. मास्तर, आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास उशीर झाला, क्षमा असावी. पिल्लू कुणी मारले असे आपण विचारले होते. ज्याने ज्याने "गेले एकदाचे" म्हणून पाठ फिरविली, त्या प्रत्येकाचा त्यात हात आहे. आणि त्यांत पहिले नाव आमचे लिहावे.

रामकृष्णहरि.